कुमुदचे संवाद

११ जानेवारी, रविवार

केसपेपर सोडले तर मी आयुष्यात फारसं काही लिहिलेलं नाही, आणि माझे केसपेपर सगुणाबाईंशिवाय कुणाला वाचता येत नाहीत. त्यामुळे ही वही सुरक्षित आहे असं धरून चालतो. मृणाली दिवाळीला आली तेव्हा तिने दिली होती, आत ‘बाबांना, निवृत्तीनंतर लिहिण्यासाठी’ असं लिहून. मी निवृत्त झालेलो नाही. होण्याचा विचारही नाही. म्हणून ती इतके दिवस कपाटात पडून होती.

आज काढली ती गणराजमुळे. त्याचं नागावला होमस्टे आहे आणि आमच्या रेवदंड्याच्या वाचनालयाचा तो चिटणीस. संध्याकाळी पेनड्राइव्ह घेऊन आला. नव्वद वर्षांपूर्वी आमच्या गावात चित्रीकरण झालेला ‘नाडीपरीक्षा’ नावाचा बोलपट कुणा संग्राहकाच्या माळ्यावर सापडला, त्याची प्रत वाचनालयाला मिळाली आहे. मार्चमध्ये तो शाळेच्या पटांगणात दाखवायचा. त्या काळी थिएटरबाहेर पदांची पुस्तिका मिळायची, तशी पुस्तिका छापायची, पण संवादांसकट. संवाद ऐकून उतरवायला माणूस हवा. चित्रपट डॉक्टरवर, म्हणून माणूसही डॉक्टरच हवा. पहिल्या पानावर ‘संवाद उतरवणारे : डॉ. रत्नपाल तांबे’ असं येणार म्हणे. मी आढेवेढे घेतले, पण फार नाही.

१४ जानेवारी, बुधवार

दुपारी एकला पेशंट संपल्यावर दवाखान्यातच लॅपटॉप लावला. सगुणाबाई औषधांच्या पुड्या बांधत मागे बसल्या होत्या. सव्वीस वर्षं त्या माझ्याकडे कंपाउंडर आहेत. त्यांचा नवरा ट्रकवर होता, तो गेला त्याच वर्षी त्या कामाला आल्या.

गोष्ट साधी आहे. डॉ. प्रभाकर नावाचा तरणाबांड डॉक्टर मुंबईहून लाँचने रेवदंड्याला उतरतो आणि दवाखाना काढतो. पोस्टमास्तरांची मुलगी कुमुद वडिलांना घेऊन येते. पुढे जे व्हायचं ते होतं. मुलीचा हात धरायची परवानगी त्या काळी फक्त डॉक्टरला, त्यामुळे हा गडी पूर्ण चित्रपटभर तिची नाडी बघत असतो. एकदाही घड्याळ काढत नाही. घड्याळ न बघता नाडी मोजणाऱ्या डॉक्टरकडे मी माझं मांजरसुद्धा पाठवणार नाही.

एक तांत्रिक दोष मात्र आहे. प्रभाकरचा आवाज भारदस्त आणि बऱ्यापैकी स्वच्छ आहे. कुमुदचा मात्र जवळजवळ नाहीच. ओठ हलतात, कुजबुज येते, शब्द लागत नाहीत. तेव्हा एकच माइक असायचा, तो नायकाच्या बाजूला ठेवत असणार. बायकांकडे लक्ष द्यायची पद्धत नव्हती, दुसरं काय.

सगुणाबाई भलत्याच ठिकाणी हसतात. प्रभाकर गप्प उभा असतो आणि यांना हसू फुटतं.

१९ जानेवारी, सोमवार

मृणालीचा पुण्याहून फोन आला होता. तिचा फोन अजून तसाच खराब आहे. नवा घे म्हणून तिसऱ्यांदा सांगितलं. ती काहीतरी लांबलचक बोलली, मी ‘हो हो, बघतो’ म्हणालो.

सकाळी किल्ल्याच्या बाजूने फिरून आलो. यंदा तांबट ओरडतच नाही. दयाळ नाही, बुलबुल नाही. समुद्रावर ती मोटारबोटींची धुडं आणली तेव्हापासून पक्षी गेले. याविषयी वर्तमानपत्राला पत्र लिहून पाठवलं.

सगुणाबाईंना एक वाईट खोड लागली आहे. पेशंट काही म्हणाला की त्या ते मोठ्याने परत म्हणतात. ‘पोटात कळ येते म्हनते, डॉक्टर, दोन दिसांपासून.’ मला कान आहेत, असं आज जरा तिरसटपणे बोललो. त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. जाताना पाठमोऱ्या काहीतरी म्हणाल्या. महत्त्वाचं असतं तर परत म्हणाल्या असत्या.

२५ जानेवारी, रविवार

नागावला गणराजच्या वाडीत वाचनालयाची पोपटी, म्हणजे मडक्यात शेंगा भाजून खायची आमची थंडीतली पार्टी. यंदा वालाच्या शेंगा उत्तम भरल्यात. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला व्यवस्थित घातला होता, वास मस्त सुटला. मी डॉक्टर असून तीनदा घेतलं.

मंडळी फार तोंडातल्या तोंडात बोलतात हल्ली. शेकोटीभोवती वीस माणसं हसत होती आणि मला विनोदाचा पत्ता नाही. मीही हसलो. सगुणाबाई शेजारी येऊन बसल्या आणि गणराज काय सांगतोय ते मला सांगत राहिल्या. विनोद फार काही विशेष नव्हता, पण त्या सांगत होत्या तेव्हा मला बरं वाटत होतं हे कबूल करायला हरकत नाही.

परत येताना मिनीडोर रिक्षात त्या म्हणाल्या, केतन उरणला बोलावतो. त्यांच्या मुलाचे आता दोन ट्रक आहेत, घरही मोठं आहे. मी म्हणालो, मग दवाखाना कोण बघणार. त्या म्हणाल्या, म्हणून तर राहिलेय.

३ फेब्रुवारी, मंगळवार

मनस्ताप झाला. प्रांजली तिच्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली. ही प्रांजली लहानपणी माझ्याचकडे गोवराला यायची. मुलाला ताप, खोकला. मी छाती तपासली, पुढून-मागून. स्वच्छ होती. औषध लिहून दिलं.

ती दाराशी पोचली असताना सगुणाबाईंनी तिला थांबवलं आणि मुलाच्या उघड्या पाठीला सरळ कान लावला. पेशंट बसलेले असताना. मग माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, ‘डॉक्टर, उजव्या अंगाला खाली, परत एकदा बघा.’ मी परत ऐकलं. स्वच्छ. त्यांनी मला न विचारता प्रांजलीला सांगितलं की अलिबागला जाऊन छातीचा फोटो काढून घे, आत्ताच जा.

माझ्या दवाखान्यात हे छत्तीस वर्षांत झालं नव्हतं. मी दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

मुलाला उजव्या बाजूला न्यूमोनिया निघाला. अॅडमिट केलंय, धोका नाही. प्रांजलीच्या नवऱ्याने फोन करून माझे आभार मानले. सगुणाबाईंनी तिला सांगितलं होतं की डॉक्टरांनाच शंका आली.

स्टेथोस्कोपची नळी तपासली. बहुधा बारीक चीर असावी, मला दिसली नाही. नवा मागवला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

संवाद पूर्ण. नायकाचे ऐकून लिहिले. कुमुदचे मात्र मलाच रचावे लागले, पण प्रसंगावरून आणि ओठांवरून माणसाला कळतं. साधी, सोज्ज्वळ मुलगी आहे. डॉक्टर सांगतात, ती ऐकते. वडिलांना हृदयविकार आहे असं प्रभाकर सांगतो तेव्हा ती बराच वेळ बोलते, तिथे मी ‘आपण म्हणाल तसं, डॉक्टर’ असं घातलं. धक्क्यावरचा शेवटचा प्रसंग माझ्या मते उत्तम जमला. प्रभाकर मुंबईला परत निघालेला असतो, ती त्याची विसरलेली बॅग घेऊन येते. तो हात धरतो.

प्रभाकर : तुमची नाडी फार जलद चालली आहे, कुमुद.
कुमुद (लाजून) : त्याचं कारण आपणच, डॉक्टर.

आणि तो ‘मी जाऊ की राहू?’ असं विचारतो, तिथे ती मान खाली घालून ‘जशी आपली आज्ञा’ म्हणते. हे लिहिताना मला जरा भरून आलं.

माझं अक्षर प्रेसवाल्याला लागणार नाही, म्हणून वही सगुणाबाईंकडे दिली, स्वच्छ उतरवून द्या म्हणून. त्यांनी तिथेच उभ्याउभ्या चार पानं चाळली आणि म्हणाल्या, ‘ही बाई येवढी गप्प न्हाय, डॉक्टर.’ मी म्हणालो, जुन्या काळच्या बायका तशाच होत्या. त्यांनी वही पिशवीत टाकली.

२३ फेब्रुवारी, सोमवार

पुस्तिकेची प्रुफं आली आणि माझं डोकं फिरलं. प्रभाकर माझा आहे, शब्दाला शब्द. कुमुद भलतीच कुणीतरी आहे.

माझ्या वहीत ती ‘आपण म्हणाल तसं’ म्हणते तिथे छापलंय : ‘बाबांना हृदयविकार नाही. ते जेवल्यावर आडवे होतात तेव्हाच दुखतं, चालताना नाही. हे मी तुम्हाला दोनदा सांगितलं, तुम्ही लिहून घेतलं नाही.’ म्हणजे आम्लपित्त. निदान बरोबर आहे, हे मला मान्य करावं लागलं. आणि धक्क्यावर, माझ्या लाजून म्हटलेल्या वाक्याच्या जागी : ‘धावत आले म्हणून. आणि घड्याळ न काढता तुम्हाला कळलं कसं?’

घड्याळाचा आक्षेप माझा होता.

गणराजला फोन लावून विचारलं की कुणी हा चावटपणा केला. तो बराच वेळ काही बोललाच नाही, किंवा बोलला असेल. शेवटी अगदी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, ‘डॉक्टरकाका, पिक्चरमध्ये तेच हाय. आमी सगल्यांनी ऐकलंय.’

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दवाखाना उघडला नाही. घरी दार लावून प्रुफं मांडीवर घेतली आणि चित्रपट पुन्हा लावला, थांबवत थांबवत. कुमुदचे ओठ आणि सगुणाबाईंनी लिहिलेली वाक्यं जुळत होती. एक शब्द इकडचा तिकडे नाही. तिच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी ओठ मिटत होते तिथेच वाक्य संपत होतं. त्या हसायच्या त्या सगळ्या जागाही सापडल्या.

धक्क्यापाशी आलो आणि बंद केलं. शेवटचं पान वाचलं नाही.

वय वाढलं की आधी बारीक, उंच आवाज जातात. पक्षी, मुलं, बायका. पुरुषांचे भरड आवाज ऐकू येत राहतात, म्हणून माणसाला वाटतं की आपलं ठीक आहे, लोकच पुटपुटतात. हे मी शेकडो लोकांना समजावून सांगितलं आहे, चित्र काढून. हृदयाचे ठोके जाड, ते मला येतात. न्यूमोनियाची करकर बारीक.

पुढे लिहवत नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

अलिबागला जाऊन कान तपासून घेतले. काचेच्या खोलीत बसवून हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा. मी बराच वेळ नुसता बसून होतो. तपासणाऱ्या मुलीने आलेख दाखवला आणि काकांना समजेल असं सोप्या भाषेत सांगायला लागली. मी सांगू दिलं. रेघ डावीकडे, जाड आवाजांपाशी, ठीक होती आणि उजवीकडे, बारीक आवाजांपाशी, किल्ल्याच्या उताराने खाली गेली होती. दोन्ही कानांना मशीन लागेल. पुढच्या आठवड्यात.

मृणालीला फोन केला. मी विषय काढताच ती रडायला लागली, एवढं मला कळलं. तिचा फोन खराब नव्हता.

२८ फेब्रुवारी, शनिवार

पेशंट गेल्यावर सगुणाबाईंना समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं. सव्वीस वर्षांत त्या त्या खुर्चीत बसल्या नव्हत्या. मी विचारलं, कधीपासून.

‘चार वर्सं झाली.’

मला सांगायचं नाही का, असं मी म्हणालो. आवाज चढलाच.

‘सांगितलं, दोनदा. मंग म्हटलं ऱ्हाऊ दे. मी हाय ना इथं.’

चार वर्षं ही बाई प्रत्येक पेशंटचं प्रत्येक वाक्य माझ्यासाठी परत म्हणत होती, आणि मी तिला खोड म्हणत होतो. किती मुलांच्या पाठीला तिने कान लावला असेल, मी हात धुवायला गेलो असताना, ते मी विचारलं नाही. मला भीती वाटली. तिनेच सांगितलं की अलिबागला पाठवायची वेळ आठ-दहाच वेळा आली, आणि कुणाचं काही बिनसलं नाही. मग म्हणाली, निदान तुमचंच असतं डॉक्टर, मी फक्त ऐकते.

वर मी ‘तिला’, ‘तिने’ असं लिहून गेलो आहे. राहू दे, खोडत नाही.

मी माझा निर्णय सांगितला. जो डॉक्टर छाती ऐकू शकत नाही त्याने खुर्ची सोडावी. एकतीस मार्चला दवाखाना बंद. त्यांनी उरणला खुशाल जावं. त्या काही बोलल्या नाहीत. खरंच बोलल्या नाहीत, मी ओठांकडे बघत होतो.

५ मार्च, गुरुवार

मशीन बसलं. बाहेर पडताच रिक्षा, पिशव्यांची चुरचुर, माझ्याच चपला. हैराण झालो. रेवदंड्याला उतरलो तर वडावर कुणीतरी टुक् टुक् टुक् करत होतं. तांबट. मी रस्त्यात उभा राहिलो. मागून मच्छीवाली ओरडली, तीही ऐकू आली, सगळी.

वर्तमानपत्राने माझं पत्र छापलं नाही, हे फार बरं झालं.

मृणालीने आवाज वाढवणारा स्टेथोस्कोप पाठवलाय. महिनाअखेर बंद होणाऱ्या दवाखान्याला तो कशाला हवा, पण आला आहे तर सगुणाबाईंच्याच पाठीवर लावून बघितला. फुप्फुसं उत्तम आहेत. हृदयाचे ठोके थोडे जलद वाटले. घड्याळ बघायचं राहून गेलं.

१० मार्च, मंगळवार

‘३१ मार्चपासून दवाखाना बंद’ असा बोर्ड रंगवून आणला होता, तो सापडत नाही. सगुणाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, असेल कुठंतरी. औषधांच्या कपाटामागे त्याचा कोपरा दिसत होता. मीही मग शोधायचं सोडलं.

प्रांजली मुलाला दाखवायला आली होती. नव्या स्टेथोस्कोपने पाठ ऐकली, दोन्ही बाजू स्वच्छ. मग सगुणाबाईंना म्हणालो, तुम्हीही बघा. त्यांनी कान लावला आणि मान हलवली. मुलगा गुदगुल्या झाल्यासारखा हसला. ते हसू मला ऐकू आलं आणि मी उगाचच केसपेपर चाळत बसलो.

पुस्तिका छापून आल्या आहेत. पहिल्या पानावर मी गणराजला बदल करायला लावला. ‘संवाद उतरवणारे : सगुणा घरत आणि डॉ. रत्नपाल तांबे’. शेवटचं पान मी अजून वाचलेलं नाही. ते वाक्य ऐकायचं ठरवलंय.

१५ मार्च, रविवार

आत्ताच घरी आलो. विसरायच्या आत लिहितो.

पटांगण भरलं होतं. किहीमपासून माणसं आली होती. पांढऱ्या कापडावर आमचा धक्का दिसला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण तो अजून तसाच आहे. सगुणाबाईंनी माझ्या उजव्या बाजूची खुर्ची धरून ठेवली होती. चांगली साडी नेसल्या होत्या. अबोलीचा गजरा होता. छान दिसताय, असं मी म्हणालो. त्यांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

कुमुद पहिल्यांदा बोलली आणि मी खुर्चीत सावरून बसलो. तिचा आवाज नाजूक नाही, चांगला टणक आहे, जरासा नाकातून येणारा. दोन महिने मी या मुलीबरोबर राहिलो आणि हा आवाज मला ठाऊक नव्हता. तेवढ्यात सगुणाबाई माझ्या कानाशी झुकल्या आणि तेच वाक्य हळूच परत म्हणाल्या. पुढचंही म्हणाल्या. त्याच्या पुढचंही. मशीन चालू आहे हे त्यांना माहीत होतं, सकाळी त्यातली बॅटरी त्यांनीच बदलून दिली होती. मी कान त्यांच्याकडे केला. आख्खा चित्रपट मी दोनदा ऐकला, एकदा समोरून आणि एकदा शेजारून.

शेवटी धक्का आला. कुमुद बॅग घेऊन धावत आली. मागून सारखी एक खसखस येत होती, जिला मी आधी फिल्मची खरखर समजलो. तो समुद्र होता. घड्याळाच्या वाक्यावर पटांगण हसलं, मी सगळ्यांत मोठ्याने. मग प्रभाकर तिचा हात न सोडता म्हणाला, ‘मग मी जाऊ की राहू?’

कुमुदने उत्तर दिलं. मला शब्द न् शब्द ऐकू आला. या वेळी सगुणाबाई मात्र झुकल्या नाहीत. सरळ पडद्याकडे बघत होत्या, पदर मुठीत धरून.

‘काय म्हणाली?’ मी विचारलं.

त्या वळल्या. माझ्या कानातल्या मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘ऱ्हावा, म्हनली,’ सगुणाबाई म्हणाल्या. ‘पन ऐकत जा.’

मी म्हणालो, बरं.